कुरणाच्या मातीत धातूंना कोण धरून ठेवतं? नवशिक्यांसाठी पायरीपायरीने

1930 च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियातल्या मेंढपाळांना एक कोडं पडलं होतं. काही कुरणांत गवत चांगलं, पाण्याची टंचाई नाही, तरी मेंढ्या आणि गुरं खंगत खंगत मरायची. लिमोनाइट नावाचं तपकिरी लोहखनिज खायला घातलं की जनावरं सुधारत. त्यावरून जनावरांना लोह कमी पडतंय, असा समज पक्का झाला. पण सगळे लिमोनाइट सारखे गुणकारी नव्हते. फिल्मर आणि अंडरवूड या दोघांनी लिमोनाइटचा लोहविरहित अर्क तयार करून जनावरांना दिला, आणि जनावरं तरीही बरी झाली. 1935 मध्ये उत्तर हाती लागलं: कोबाल्ट. त्याच वर्षी मार्स्टन आणि लाइन्स यांनी दक्षिण ऑस्ट्रेलियात वेगळ्या वाटेने जाऊन तेच दाखवलं. बी-12 जीवनसत्त्व 1948 मध्ये वेगळं करता आलं आणि त्याच्या केंद्रात कोबाल्ट निघाला, तेव्हा या आजारामागचं कारणही उलगडलं.

मातीतल्या धातूंचा अभ्यास सुरू करणाऱ्या प्रत्येकाला मी ही गोष्ट आधी सांगतो. लोहाच्या ऑक्साइडने आपल्याजवळ धरून ठेवलेला, वजनात नगण्य असा दुसराच धातू तिथे सगळं काम करत होता. माती तपासणीच्या अहवालात 'एकूण जस्त' किंवा 'एकूण कोबाल्ट' असा आकडा येतो आणि आपण त्यावर चर्चा करत बसतो. तो धातू कोणी धरलाय, किती घट्ट धरलाय आणि कोणत्या परिस्थितीत सोडणार आहे, हे त्या आकड्यातून कळत नाही. ते शोधायचं कसं, हे मी इथे माझ्या कामाच्या क्रमाने मांडतो.

पहिली पायरी: खड्डा खणा आणि ऑक्साइड डोळ्यांनी पाहा

यंत्रांकडे वळण्याआधी कुरणात अर्धा-पाऊण मीटर खोल खड्डा घ्या आणि त्याची एक बाजू सुरीने खरवडून ताजी करा. वर मुळांचं दाट जाळं दिसेल, गडद, भुसभुशीत. त्याखाली रंग बदलायला लागतो. तांबडा रंग बहुतेक वेळा हेमाटाइटचा, पिवळसर तपकिरी गोथाइटचा. मुळांच्या जुन्या वाटांभोवती ताज्या गंजासारखी नारिंगी-तपकिरी नळी दिसली तर तिथे फेरिहायड्राइट असण्याची शक्यता मोठी. हा लोहाचा ताजा, अर्धवट स्फटिकरूप ऑक्साइड आहे. अॅल्युमिनियमचे ऑक्साइड मात्र रंगावरून कळत नाहीत, ते पांढरे असतात आणि मातीच्या रंगात हरवून जातात.

आता मोहरीपासून वाटाण्याएवढ्या काळ्या गोळ्या शोधा. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या आणि नंतर सुकणाऱ्या कुरणांत त्या हमखास मिळतात. एक गोळी बोटांत दाबून फोडा. आतला भाग काजळीसारखा काळा असेल आणि बोटाला डाग पडेल. त्यावर 10 टक्क्यांच्या हायड्रोजन पेरॉक्साइडचा एक थेंब टाका. मँगनीजचा ऑक्साइड असेल तर थेंब टेकताक्षणी जोरात फसफसतो. सेंद्रिय पदार्थही फेस आणतो, पण हळूहळू, म्हणून ही चाचणी मुळांच्या थरावर करू नका, गोळीवर करा. (हातमोजे आणि चष्मा घालूनच.)

ती गोळी जपून ठेवा. मातीच्या एकूण वजनात मँगनीजच्या ऑक्साइडचा वाटा अगदी थोडा असतो, पण कोबाल्ट आणि शिसं यांच्या बाबतीत तो लोहाच्या ऑक्साइडला कितीतरी मागे टाकतो. टेलर आणि मॅकेन्झी यांनी 1966 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मातींवर दाखवलं की मातीतला बराचसा कोबाल्ट मँगनीजच्या खनिजांपाशीच असतो. दोन वर्षांनी, 1968 मध्ये, जेन यांनी आणखी व्यापक मांडणी केली: मातीत आणि पाण्यात कोबाल्ट, निकेल, तांबं आणि जस्त किती मोकळं राहणार, हे मुख्यतः लोह आणि मँगनीज यांचे ऑक्साइड ठरवतात. पुढे या मांडणीत भर पडली, दुरुस्त्याही झाल्या, पण आजही कामाची सुरुवात तिथूनच होते.

दुसरी पायरी: पकड कशी बसते ते समजून घ्या

ही पायरी गाळून प्रयोगशाळेत गेलात तर आकडे येतील, अर्थ लागणार नाही. म्हणून इथे थोडं थांबू.

ऑक्साइडच्या कणाचा पृष्ठभाग ओला असतो आणि त्यावर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या, म्हणजे हायड्रॉक्सिल गट, दाटीवाटीने उभे असतात. आजूबाजूचं पाणी आम्लधर्मी असेल तर हे गट आणखी एक हायड्रोजन घेतात आणि पृष्ठभागावर धनभार येतो. पाणी अल्कधर्मी झालं की ते हायड्रोजन सोडतात आणि ऋणभार येतो. मधल्या ज्या सामूला (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप; आकडा लहान तितकं पाणी आम्लधर्मी) दोन्ही भार बरोबरीत येतात, त्याला शून्यभार सामू म्हणतात. गोथाइट आणि फेरिहायड्राइट यांचा तो साधारण 7.5 ते 9 च्या दरम्यान असतो. मातीत सापडणाऱ्या मँगनीजच्या ऑक्साइडचा, विशेषतः बर्नेसाइटचा, 2 ते 3 च्या आसपास. म्हणजे सामू 5.5 असलेल्या कुरणात लोहाचा ऑक्साइड धनभारित असतो, तर मँगनीजचा ऑक्साइड ठळक ऋणभारित. धनभारित धातू-आयन (पाण्यात विरघळलेले धातूचे भारित कण) मँगनीजकडे का ओढले जातात, याचा एक भाग इथेच कळतो.

पण मग एक शंका यायला हवी. सामू 5.5 ला लोहाचा ऑक्साइड धनभारित, शिशाचा आयनही धनभारित, तरीही शिसं त्याला चिकटतं. ते कसं? कारण ही पकड निव्वळ विद्युत आकर्षणाची नाही. विरघळलेला धातू-आयन पाण्याच्या रेणूंचं कवच पांघरून फिरत असतो. काही आयन ते कवच न काढता पृष्ठभागाजवळ घुटमळतात. ही सैल पकड, दुसरा कोणी आयन मोठ्या संख्येने आला की सुटते. काही आयन मात्र कवचाचा एक भाग बाजूला सारतात, पृष्ठभागावरचा हायड्रॉक्सिल आपला हायड्रोजन सोडतो आणि धातू थेट त्या ऑक्सिजनशी बंध करतो. ही घट्ट पकड. दर धातू-आयनामागे साधारण एक ते दोन हायड्रोजन आयन पाण्यात जातात, म्हणूनच सामू वाढवला की पकड वाढते आणि आम्ल ओतलं की सुटते.

कोणता धातू आधी चिकटेल याचा अंदाज बांधायला एक सोपी खूण आहे. पाण्यातल्या हायड्रॉक्सिलशी ज्याचं लवकर जमतं, त्याचं पृष्ठभागावरच्या हायड्रॉक्सिलशीही लवकर जमतं. पहिल्या जलविघटनाचा, म्हणजे पाण्यातला पहिला हायड्रॉक्सिल धरण्याचा, स्थिरांक (त्याचं ऋण लॉगरिथम; आकडा लहान तितकं लवकर जमतं) शिसं आणि तांबं यांचा 8 च्या आसपास, जस्ताचा 9, निकेल आणि कॅडमियम यांचा 10 च्या जवळ. लोहाच्या ऑक्साइडवर शिसं आणि तांबं आधी, मग जस्त, मग निकेल, कोबाल्ट आणि कॅडमियम, असा ढोबळ क्रम लागतो. कोबाल्टचं मँगनीजवर वेगळंच घडतं: मँगनीजचा ऑक्साइड त्याच्याकडून एक इलेक्ट्रॉन काढून घेतो, दोनभारी कोबाल्ट तीनभारी होतो आणि खनिजाच्या जाळीतच जाऊन बसतो. तिथून तो सहजासहजी परत येत नाही. मँगनीज भरपूर असलेल्या कुरणात कोबाल्टचं खत घातलं तरी गवतात फारसा उतरत नाही, त्याचं कारण हे.

सगळेच सूक्ष्म घटक धनभारित नसतात, हेही इथेच लक्षात घ्या. मॉलिब्डेनम, सेलेनियम आणि आर्सेनिक मातीत ऋणभारित रूपात वावरतात आणि त्यांचं गणित बरोबर उलटं चालतं: आम्लधर्मी मातीत ते लोहाच्या ऑक्साइडला घट्ट धरतात, सामू वाढला की सुटतात.

तिसरी पायरी: नमुना घ्या

कुरणात नांगरट होत नाही. म्हणून वरून पडलेला, खतातून आलेला किंवा मुळांनी वर आणलेला धातू वरच्या काही सेंटिमीटरांत साचत जातो आणि खोलीबरोबर झपाट्याने कमी होतो. नांगरलेल्या शेताच्या सवयीने 20 सेंटिमीटरचा नमुना घेतलात तर वरचा भरलेला थर आणि खालचा रिकामा थर एकत्र मिसळून बसतील. कुरणासाठी 0 ते 7.5 किंवा 0 ते 10 सेंटिमीटर असा वरचा नमुना आणि त्याखालचा वेगळा, असं करा. एका तुकड्यात नागमोडी चालत वीस-पंचवीस ठिकाणांहून घेऊन एकत्र करा. शेणाच्या जागा, फाटकाजवळची तुडवलेली माती, तारेच्या कुंपणाखालची पट्टी टाळा. कुंपणाच्या तारेवर जस्ताचा मुलामा असतो आणि पावसाबरोबर तो खाली उतरत राहतो.

मुलामा दिलेलं गिरमिट किंवा बादली हीच चूक तुमच्या हातात आणून देते. स्टेनलेस स्टीलचं गिरमिट आणि प्लास्टिकची बादली वापरा. स्टेनलेसमध्येही निकेल आणि क्रोमियम असतं, म्हणून ते दोन धातू तुमचा विषय असतील तर गिरमिटाला टेकलेला बाहेरचा थर प्लास्टिकच्या सुरीने काढून टाका.

सुकवण्याबद्दल जरा कडकपणे सांगतो. सगळे मॅन्युअल हवेत सुकवून 2 मिलिमीटर चाळणीतून चाळायला सांगतात, आणि कोरड्या कुरणासाठी ते ठीक आहे. पण नमुना ओल्या, निळसर-करड्या मातीचा असेल तर सुकताना त्यात हवा शिरते, विरघळलेलं लोह ऑक्साइड होऊन बसतं आणि मोकळे धातू त्याच्यावर चिकटतात. मँगनीजचं अर्काला (मातीतून धातू विरघळवून काढणाऱ्या द्रावणाला) मिळणारं प्रमाणही सुकवल्याने बदलतं. तुम्ही जी माती मोजता ती मग कुरणातली राहतच नाही. अशा नमुन्याचा एक भाग हवाबंद, थंड ठेवून ओलाच वापरा, ओलावा वेगळा मोजा आणि हिशेब कोरड्या वजनावर करा. 105 अंशांच्या भट्टीत सुकवलेली माती फक्त ओलाव्यासाठी. ती अर्कासाठी कधीही घेऊ नका.

चौथी पायरी: सामू आणि सेंद्रिय कर्ब

ही मोजमापं स्वस्त आहेत आणि पुढच्या सगळ्या आकड्यांचा अर्थ यांच्यावर ठरतो. सामू पाण्यात मोजा आणि 0.01 मोलर कॅल्शियम क्लोराइडमध्येही मोजा. दुसरा आकडा साधारण अर्ध्या एककाने कमी येतो, पण ऋतूनुसार कमी हलतो.

सेंद्रिय कर्ब का, तर कुरणाचा वरचा थर ऑक्साइडच्या एकट्याच्या मालकीचा नसतो. मुळं, कुजलेलं गवत आणि गांडुळांची विष्ठा यांमुळे तिथे सेंद्रिय पदार्थ भरपूर असतो आणि तांब्याला तो फार प्रिय आहे. शिशालाही. नवशिके ऑक्साइडचा अभ्यास करायला निघतात आणि वरच्या थरातलं तांबं ऑक्साइडवर शोधत राहतात. ते बहुतांशी सेंद्रिय पदार्थावर असतं. शिवाय ऑक्साइडच्या कणांवर सेंद्रिय पदार्थाचा लेप बसलेला असतो, तो काही जागा अडवतो आणि काही नव्या जागा देतो. विरघळलेला सेंद्रिय पदार्थ तर तांब्याला पाण्यातच धरून ठेवतो, म्हणून सामू फार वाढवला तरी तांब्याची विद्राव्यता अपेक्षेइतकी घटत नाही. निव्वळ ऑक्साइडची पकड पाहायची असेल तर खालच्या थराची माती घ्या. तिथे चित्र स्वच्छ दिसतं.

पाचवी पायरी: ऑक्साइड किती आणि कसले, ते मोजा

इथे तीन अर्क लागतात. प्रत्येकासाठी वेगळी माती तोलायची.

पहिला, ताज्या लोहासाठी: 0.2 मोलर अमोनियम ऑक्झलेट, सामू 3, अंधारात 4 तास हलवणं. अर्धा ग्रॅम बारीक मातीला 50 मिलिलिटर. टॅम यांचं हे मिश्रण 1922 पासूनचं, पण अंधाराची अट 1964 मध्ये श्वर्टमन यांनी पक्की केली, आणि तिचं महत्त्व मी स्वतः अनुभवलंय. सुरुवातीच्या काळात मी पारदर्शक बाटल्या खिडकीजवळच्या शेकरवर लावल्या. माती लालबुंद, जुनी, हेमाटाइटने भरलेली. तिच्यात ऑक्झलेटला मिळणारं लोह थोडं असायला हवं होतं, आणि आकडा भरमसाट आला. या मातीत ताजा ऑक्साइड खच्चून भरलाय, असा निष्कर्ष लिहून मी पुढे गेलो. पुढच्या खेपेला बाटल्यांना अॅल्युमिनियमची फॉइल गुंडाळली आणि तीच माती, तोच अर्क, आकडा तळाला गेला. उजेडात ऑक्झलेट स्फटिकरूप लोहालाही विरघळवतं. तेव्हापासून फॉइल आधी गुंडाळतो आणि माती मग तोलतो.

दुसरा, सगळ्या मोकळ्या लोह-ऑक्साइडसाठी: डायथायोनाइट-सायट्रेट-बायकार्बोनेट, मेहरा आणि जॅक्सन यांची 1960 ची पद्धत. तापमान 80 अंशांच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर गंधक अवक्षेपित होतं. काम धूर ओढून घेणाऱ्या कपाटातच करा, सल्फर डायऑक्साइडचा वास नाकात जातो. डायथायोनाइटचा डबा ओला होऊ देऊ नका, ओलसर झाला की आपोआप तापतो. आणि या अर्कात जस्तासारखे सूक्ष्म धातू मोजायचा मोह टाळा: डायथायोनाइटमध्येच जस्ताची भेसळ असू शकते, शिवाय त्यातून काही धातू सल्फाइड होऊन खाली बसतात. हा अर्क लोहासाठी. त्यापुढे त्याच्याकडून काही मागू नका.

या दोन आकड्यांचं गुणोत्तर, ऑक्झलेट-लोह भागिले डायथायोनाइट-लोह, हे तुमच्या मातीचं वय सांगितल्यासारखं असतं. ते 1 कडे झुकलं तर ऑक्साइड ताजे, बारीक आणि भुकेले. शून्याच्या जवळ असेल तर जुने, स्फटिकरूप. फरक मोठा आहे, कारण फेरिहायड्राइटच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग दोनशेपासून सहाशे चौरस मीटरपर्यंत धरला जातो, गोथाइटचा बहुधा वीस ते दोनशेच्या दरम्यान. एकूण लोह सारखं असलेल्या दोन मातींची धातू धरण्याची ताकद म्हणूनच अगदी वेगळी निघू शकते. (मातीत मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकीय लोह-ऑक्साइड, असेल तर सावध राहा, तेही ऑक्झलेटमध्ये काही प्रमाणात विरघळतं आणि गुणोत्तर फुगवतं.)

तिसरा, मँगनीजसाठी: 0.1 मोलर हायड्रॉक्सिलअमीन हायड्रोक्लोराइड, 0.01 मोलर नायट्रिक आम्लात, फक्त 30 मिनिटं. चाओ यांची 1972 ची पद्धत. वेळ पाळा. अर्ध्या तासात मँगनीजचे ऑक्साइड बहुतेक विरघळतात आणि लोहाचे जवळपास जागेवर राहतात. तासभर ठेवलंत तर ही निवड बिघडत जाते. याच अर्कात कोबाल्ट मोजा आणि मँगनीजबरोबर आलेख काढा. वेगवेगळ्या ठिकाणचे दहा-बारा नमुने असतील आणि कोबाल्ट मँगनीजच्या मागोमाग चढत असेल, तर खड्ड्यातल्या काळ्या गोळ्यांचा अर्थ तुमच्यासमोर उभा राहील.

सहावी पायरी: धातूंचे वाटे

क्रमाने अर्क काढण्याच्या पद्धती 1979 च्या टेसियर यांच्या पाच टप्प्यांपासून लोकप्रिय झाल्या. युरोपीय समुदायाच्या संदर्भ-मानक कार्यालयाने पुढे त्यांचे तीन टप्पे केले. ती पद्धत बीसीआर नावाने ओळखली जाते आणि नवशिक्यांनी तीच घ्यावी असं माझं मत आहे, कारण तिच्याबरोबर प्रमाणित संदर्भ-नमुना मिळतो आणि तुमचा हात बरोबर चालतोय की नाही ते पडताळता येतं. एक ग्रॅम मातीला आधी 0.11 मोलर अॅसेटिक आम्ल 40 मिलिलिटर, 16 तास. मग 0.5 मोलर हायड्रॉक्सिलअमीन हायड्रोक्लोराइड, नायट्रिक आम्लाने आम्लधर्मी केलेलं, तेवढंच आणि तेवढाच वेळ. मग हायड्रोजन पेरॉक्साइड 85 अंशांवर दोनदा, आणि शेवटी 1 मोलर अमोनियम अॅसिटेट, सामू 2. कुरणाच्या मातीत पेरॉक्साइड थेंबाथेंबाने घाला, सेंद्रिय पदार्थ भरपूर असल्याने नळी उतू जाते.

दुसऱ्या टप्प्याच्या आकड्याला लोक बिनधास्त 'ऑक्साइडवरचा धातू' म्हणतात. तसं लिहू नका. 'दुसऱ्या टप्प्यात निघालेला धातू' असं लिहा. त्या आम्लात सेंद्रिय पदार्थावरचंही थोडं सुटतं. एका टप्प्यात सुटलेलं शिसं अर्क गाळण्याआधीच उरलेल्या कणांवर पुन्हा चिकटू शकतं. जुना, स्फटिकरूप लोह-ऑक्साइड तर या टप्प्यात पुरता विरघळतच नाही. प्रत्येक टप्प्याची बेरीज करून ती एकूण धातूशी ताडून पाहा, आणि प्रत्येक फेरीत माती नसलेली एक बाटली कोरी म्हणून ठेवा.

गवताला काय मिळेल एवढंच जाणून घ्यायचं असेल तर इतकं सगळं करायची गरज नाही. लिंडसे आणि नॉरव्हेल यांची 1978 ची डीटीपीए (धातूंना वेढून द्रावणात आणणारं रसायन) पद्धत (सामू 7.3, 10 ग्रॅम मातीला 20 मिलिलिटर, 2 तास) जस्त, तांबं, लोह आणि मँगनीज यांच्यासाठी पुरते. ती चुनखडीच्या मातीसाठी बेतलेली आहे, हे मात्र विसरू नका. गवताचंही विश्लेषण करणार असाल तर आधी ते नीट धुवा आणि त्यात टायटॅनियम मोजा. टायटॅनियम वनस्पती फारसं घेत नाही. ते जास्त दिसलं तर तुम्ही गवताबरोबर माती मोजताय.

सातवी पायरी: पकड प्रत्यक्ष घडताना पाहा

एकदा तरी हा प्रयोग स्वतः करा. फेरिक नायट्रेटच्या द्रावणात पोटॅशियम हायड्रॉक्साइड हळूहळू घालत सामू 7.5 पर्यंत आणा. गडद तपकिरी, जेलीसारखं फेरिहायड्राइट खाली बसेल. ते सेंट्रिफ्यूजमध्ये पुन्हा पुन्हा धुवा आणि न सुकवता थोड्याच दिवसांत वापरा. ठेवून दिलं तर ते गोथाइट किंवा हेमाटाइटकडे वळायला लागतं. उष्णतेत हे आणखी लवकर होतं.

आता 0.01 मोलर सोडियम नायट्रेटमध्ये थोडं फेरिहायड्राइट आणि अगदी विरळ जस्त घ्या. आठ-दहा बाटल्यांत वाटा आणि प्रत्येकीचा सामू 4 पासून 8 पर्यंत अर्ध्या-अर्ध्या एककाने वेगळा करा. दिवसभर हलवा, शेवटचा सामू पुन्हा मोजा, गाळा आणि पाण्यात उरलेलं जस्त मोजा. चिकटलेल्या जस्ताचा (घातलेलं वजा उरलेलं) सामूबरोबर आलेख काढलात तर सुरुवातीला रेषा तळाशी सपाट जाते आणि मग दीड-दोन सामू एककांत एकदम चढून माथ्याला टेकते. तेच शिशाने केलंत तर तो चढ बराच डावीकडे, जास्त आम्लधर्मी बाजूला सरकतो. कॅडमियमने केलंत तर उजवीकडे. दुसऱ्या पायरीतला क्रम इथे आलेखाच्या रूपाने समोर येतो.

दोन दक्षता. ऑक्साइड नसलेल्या बाटल्यांची एक समांतर मालिका ठेवा. धातू फार घेतला असेल तर सामू वाढल्यावर तो हायड्रॉक्साइड होऊन नुसताच खाली बसतो आणि तुम्हाला वाटतं की चिकटला. आणि बाटल्या पॉलिप्रॉपिलीनच्या, आम्लाने धुतलेल्या घ्या, काचेवरही धातू चिकटतात. सोडियम नायट्रेट दहापट वाढवून प्रयोग पुन्हा केलात आणि चढ जागचा हलला नाही, तर पकड घट्ट प्रकारची असल्याचा तो चांगला संकेत आहे. सैल पकड मिठाने ढळते.

मातीवर हेच करायचं तर 2 ग्रॅम माती आणि 40 मिलिलिटर द्रावण घ्या. समजा जस्त लिटरला 1 मिलीग्रॅम घातलं आणि शेवटी 0.1 उरलं. 0.9 मिलीग्रॅम प्रति लिटर कमी झालं, माती आणि द्रावणाचं प्रमाण 1:20, म्हणजे मातीवर 18 मिलीग्रॅम प्रति किलो बसलं. 18 भागिले 0.1, म्हणजे वाटणी-गुणांक 180 लिटर प्रति किलो. या आकड्याशेजारी सामू लिहिलेला नसेल तर तो आकडा कोणाच्याही उपयोगाचा नाही.

आठवी पायरी: कुरणात काय बदलेल ते आकड्यांवरून ताडा

चुना घातला की सामू वाढतो, जस्त, कॅडमियम, निकेल आणि कोबाल्ट यांच्यावरची पकड आवळते. त्याच वेळी मॉलिब्डेनम सुटतं. इंग्लंडमधल्या सॉमरसेटच्या काही कुरणांत मॉलिब्डेनम मुळातच जास्त आहे. तिथे गुरांना हगवण लागायची, आणि 1930 ते 1940 च्या दशकांतल्या कामातून कारण कळलं: जास्तीचं मॉलिब्डेनम जनावराला तांबं मिळू देत नाही. उपाय म्हणून तांब्याचं सल्फेट द्यावं लागलं. चुना सुचवण्याआधी मॉलिब्डेनम तपासा, हा माझा आग्रह आहे.

उलट दिशेची, म्हणजे सामू घसरण्याची, सर्वांत जुनी साक्ष इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड या कृषी संशोधन संस्थेच्या पार्क ग्रास प्रयोगात आहे. तो 1856 पासून एकाच गवताळ तुकड्यावर सुरू आहे. अमोनियम सल्फेट वर्षानुवर्षं घातलेल्या आणि चुना न मिळालेल्या पट्ट्यांचा सामू 4 च्याही खाली गेलाय. इतक्या आम्लधर्मी मातीत जस्त आणि कॅडमियम यांना लोहाचा ऑक्साइड जवळपास धरू शकत नाही. तुम्ही सातव्या पायरीत काढलेल्या आलेखाच्या डाव्या, सपाट भागात ती माती उभी आहे.

पाणी साचलं की घडतं ते वेगळंच. हवा संपली की सूक्ष्मजीव आधी नायट्रेट वापरतात, मग मँगनीजचा ऑक्साइड, मग लोहाचा. ऑक्साइडच विरघळला तर त्यावरचा धातूही पाण्यात येतो. निचरा वाईट असलेल्या कुरणातल्या गवतात कोबाल्ट जास्त सापडतो तो यामुळे, आणि निचरा सुधारला की कमी होतो तोही यामुळे. पाणी फार दिवस राहिलं तर सल्फेटचं सल्फाइड होतं आणि तांबं, जस्त, कॅडमियम पुन्हा अडकतात. म्हणून ओल्या कुरणाचा एकच नमुना पुरत नाही. पाणी असताना एक, ओसरल्यावर लगेच एक आणि पुरतं सुकल्यावर एक, असे तीन घ्या.

फॉस्फेटचं खत पडलेल्या कुरणात आणखी एक गाठ असते. फॉस्फेट आणि आर्सेनेट एकाच जागेसाठी भांडतात, म्हणून फॉस्फेट आलं की आर्सेनिक सुटू शकतं. तेच फॉस्फेट ऑक्साइडवर बसून पृष्ठभाग जास्त ऋणभारित करतं आणि जस्त-कॅडमियमची पकड वाढवतं. जुन्या खतांच्या नोंदी मिळाल्या तर नमुन्यांच्या वहीतच, सामूच्या रकान्याशेजारी, त्यांच्यासाठी एक रकाना ठेवा.